परदेशचा गुडघा आणि घरचा जिना

(कोपरी, ठाणे पूर्व येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या मास्तरांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला कोपरीत चालत आली आहे, त्यांना मी शेवटचे पाहिले ते ठाणे स्टेशनच्या पूर्वेकडील पुलाच्या पायऱ्यांवर. हातातली कापडी पिशवी आधी वरच्या पायरीवर ठेवायची, मग कठडा धरून उजवा पाय, मग त्याच पायरीवर डावा, मग पुन्हा पिशवी, असा त्यांचा चढ चालला होता, आणि मागून लोकल गाठायला धावणारी मंडळी त्यांना वळसा घालून, कोणी पुटपुटत, कोणी न पुटपुटता, पुढे जात होती. मी हात पुढे केला तेव्हा ते म्हणाले, "अरे, गुडघ्यांनी केव्हाचाच राजीनामा दिलाय, पण तो मंजूर करणारा साहेब कुठे बसतो ते कळत नाही." त्या राजीनाम्याची कैफियत आज आपल्यापुढे मांडावी, असे मी योजिले आहे.

मी वैद्य नव्हे, हे प्रारंभीच सांगून टाकतो. माझी हयात जिल्हा कचेरीच्या दप्तरखान्यात गेली. फेरफार, सनदा, जुने निवाडे आणि वाळवीने अर्धे खाल्लेले बस्ते यांच्या सहवासात माणसाला एकच विद्या येते, आणि ती म्हणजे जे कागदावर नाही त्यावर भरवसा न ठेवण्याची. सबब माझ्या बोलण्यात वैद्यकाचा अधिकार नसून दोन झिजलेल्या गुडघ्यांचा आणि एका जुन्या कारकुनाच्या सवयीचा तेवढा अधिकार आहे, असे समजून श्रोत्यांनी ते गोड मानून घ्यावे.

आपल्या भाषेने गुडघ्यावर मोठाच लोभ केला आहे. उतावळ्या नवऱ्याचे बाशिंग तिने गुडघ्याला बांधले आणि ज्याच्या डोक्यात अक्कल सापडली नाही त्याचीही अक्कल गुडघ्यातच नेऊन ठेवली. परंतु त्या गुडघ्याच्या दुखण्याचे नाव घेताना मात्र तिची जीभ अडखळते. संधिवात हा शब्द आपण सरसकट वापरतो, आणि त्या एका पोत्यात आमवातही भरतो, वातरक्तही भरतो आणि म्हातारपणचे दुखणेही भरतो. वास्तविक आमवात हा शरीराच्या संरक्षक शक्तीनेच आपल्या सांध्यांवर उलटण्याचा विकार आहे. तो तरुणपणीही येतो, बोटांचे लहान सांधे सुजवतो, आणि त्याची औषधे सर्वस्वी निराळी आहेत. आज मी बोलतो आहे ते ज्याला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात आणि आपण 'गुडघे गेले' म्हणतो त्याविषयी. चरकाने संधिगत वाताचे वर्णन करताना अशा सांध्याचा स्पर्श हवा भरलेल्या पखालीसारखा लागतो असे नोंदवले आहे. ज्याने संध्याकाळी सुजलेला आपला गुडघा चाचपून पाहिला आहे, त्याला त्या प्राचीन वैद्याच्या बोटांची पारख मान्य करावी लागेल.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचे एक गुळगुळीत, काचेसारखे आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. तिला अन्न मिळते ते सांध्यातील द्रवातून, आणि तेही चाल झाली तरच. पाऊल टेकले की ती स्पंजासारखी दबते व द्रव बाहेर टाकते, पाऊल उचलले की तो पुन्हा शोषून घेते. आता या विकाराला आपण 'झीज' म्हणतो, आणि माझी स्पष्ट तक्रार या शब्दाविरुद्ध आहे. झीज म्हटले की माणसाच्या डोळ्यांपुढे चपलेचा तळ येतो. चप्पल जितकी कमी घालावी तितकी अधिक टिकते, म्हणून तो गुडघाही कमी वापरू लागतो, बाजारहाट सोडतो, देवळात जाणे सोडतो, खुर्चीत बसून राहतो. परिणामी मांडीचे स्नायू रोडावतात, वजन वाढते, आणि ज्या सांध्याला जपायचे म्हणून हा सारा बंदोबस्त केला त्याच्यावरचा भार दुणावतो. खरे पाहता हा विकार एकट्या कूर्चेचा नाही. खालचे हाड, आतले अस्तर, अस्थिबंध, स्नायू असा साऱ्या सांध्याचा तो संसार आहे, आणि त्यात मोडतोडीइतकीच, मोडलेले दुरुस्त करण्याची शरीराची फसलेली धडपडही असते. क्ष-किरणाच्या चित्रात कडेला दिसणारी हाडांची काट्यांसारखी वाढ ही त्या फसलेल्या दुरुस्तीचीच निशाणी होय.

त्या चित्राबद्दलही दोन शब्द. "गॅप कमी झालाय", "वंगण संपलंय", "हाडाला हाड घासतंय" ही तीन वाक्ये कोपरीपासून कल्याणपर्यंत प्रत्येक घरात ऐकू येतात. परंतु चित्रातली फट आणि माणसाची वेदना यांचा हिशेब नेहमी जुळतोच असे नाही. फट पार मिटलेली असून रोज मीठबंदरापर्यंत फिरून येणारे गृहस्थ मला ठाऊक आहेत, आणि चित्र बरे असून रात्र रात्र न झोपणाऱ्या बाईही. पन्नाशीनंतर स्त्रियांना हा त्रास अधिक होतो; वजन, जुनी दुखापत, घराण्याची ठेवण, वर्षानुवर्षे उकिडवे बसून केलेले काम, ही कारणे एकमेकांत मिसळतात. जिना चढताना गुडघ्यावर देहाच्या वजनाच्या तिप्पट-चौपट भार येतो, आणि आमच्या कोपरीतल्या जुन्या इमारती चार मजली व बिनलिफ्टच्या. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. चौपन्न पायऱ्या आहेत. ही संख्या मला साठीपर्यंत ठाऊक नव्हती.

आता उपायांकडे वळतो. निर्गुडीचा पाला, मोहरीच्या तेलाचा शेक, गरम पाण्याची पिशवी यांनी बरे वाटते, आणि बरे वाटण्याला मी कमी लेखणार नाही. परंतु ज्या उपायांवर आपण पेन्शनीतले हजारो रुपये घालवतो, त्यांची परीक्षा कुणी घेतली आहे की नाही हे विचारणे कारकुनाच्या सवयीला धरून होते, म्हणून मी ते विचारले. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन यांच्या गोळ्यांची अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर परीक्षा झाली. २००६ साली तिचा निष्कर्ष छापून आला, तो असा की एकंदर रुग्णांत या गोळ्या बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. दुर्बीण घालून गुडघा आतून धुऊन काढण्याची एक शस्त्रक्रिया तेव्हा जगभर चालत होती. टेक्सासातील ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर तिचा प्रयोग झाला. काहींचा गुडघा खरोखर धुतला, आणि काहींना गुंगी देऊन कातडीवर नुसत्या चिरा पाडून, पाण्याचा आवाजही ऐकवून, टाके घातले. दोन वर्षांनी पाहिले तर दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या दुखण्यात फरक नव्हता. २००२ साली हे प्रसिद्ध झाले. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यानंतर दहा वर्षांनी मोठ्या विश्वासाने गुडघा धुऊन घेतला. कुठे, ते सांगत नाही.

आणि जो उपाय खरोखर कामाला येतो तो फुकट असल्यामुळे त्याची जाहिरात कोणी करीत नाही. खुर्चीवर बसायचे, पाय सरळ लांब करायचा, दहा अंक मोजायचे, खाली घ्यायचा. टॉवेलाची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून पलंगावर बसायचे आणि ती गुंडाळी गुडघ्याने दाबायची. एवढ्याने मांडीचा पुढचा स्नायू बळावतो आणि गुडघ्याला आधार देतो. वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, हेही मोजून पाहिलेले आहे. हे मला एका सरकारी दवाखान्यातील फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितले तेव्हा मी मनात म्हणालो, इतके सोपे असेल तर एवढा मोठा आजार कसा? आणि तीन वर्षे काही केले नाही. तो दोष सर्वस्वी माझा.

त्या तीन वर्षांतली गोष्ट. मुलाकडे न्यूजर्सीला गेलो असता बर्फातून चालण्याचा हट्ट केला, आणि दुसऱ्या दिवशी गुडघा नारळाएवढा झाला. इस्पितळात नेले, तरुण डॉक्टरीणबाईंनी सुईने पाणी काढले, अत्यंत आस्थेने विचारपूस केली, आणि तीन आठवड्यांनी जे बिल आले ते माझ्या आठ महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढे भरले. निघताना विमा उतरवलेला होता. पण विमावाल्यांनी कळवले की हे दुखणे आपणास पूर्वीपासूनच होते, सबब दावा नामंजूर. त्या कागदाला मी दोष देत नाही. अट छापलेली होती, मीच वाचली नव्हती, आणि दप्तरखान्यात जन्म घालवलेल्या माणसाने अट न वाचावी यापरती नामुष्की नाही.

इकडे मुलाचा आग्रह सुरू झाला की गुडघे बदलायचे ते तिकडेच बदलू. परदेशी उपचारांसाठी पैसे बाहेर पाठवणे आता अवघड राहिलेले नाही. एके काळी परकीय चलनासाठी रिझर्व्ह बँकेच्या दारी दरखास्त घेऊन उभे राहावे लागे. आज माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बँकेमार्फत पाठवता येते. म्हणून दलालांचीही भरभराट झाली आहे. अशाच एकाचा मला फोन आला. ऑपरेशन नको, चिरफाड नको, पूर्वेकडच्या एका देशात आठ दिवस यायचे, मूलपेशींची इंजेक्शने घ्यायची, कूर्चा पुन्हा उगवते, हॉटेल आणि स्थलदर्शन त्यातच. (अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांध्याच्या या विकारासाठी मूलपेशींच्या अशा एकाही उत्पादनाला मान्यता दिलेली नाही, हे मला मागाहून समजले.) खरे सांगतो, मी विरघळलो होतो. परंतु जुनी सवय सुटेना. मी त्या गृहस्थांना म्हटले, "आपल्याकडे गेल्या दोन वर्षांत किती रुग्ण आले, त्यांपैकी आज किती जण विनातक्रार चालतात, याचे एक टिपण पाठवा, मग पैशाची तजवीज करतो." त्यांचा फोन पुन्हा आला नाही.

उपाय घेतलेल्यांचे पुढे काय झाले हे विचारण्याचा जो धडा या प्रसंगाने मला दिला, त्याच दिव्याच्या उजेडात मी मग सांधेबदलाचा इतिहास वाचला. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लीस ग्लुक नावाच्या शल्यविशारदाने हस्तिदंताचा गुडघा बसवला. हस्तिदंत उत्तम होते, कारागिरी उत्तम होती. परंतु सांधा क्षयाने पोखरलेला होता, आत पू झाला, आणि प्रयोग फसला. पुढे इंग्लंडात लँकेशायरमधील रायटिंग्टन येथे जॉन चार्न्ली याने खुब्याचा सांधा बदलण्याची विद्या रूढ केली. त्याने आधी सांध्याची वाटी टेफ्लॉनची केली, सुमारे तीनशे रुग्णांना ती बसवली, आणि रुग्ण हसत घरी गेले. इथे दुसरा कोणी असता तर कीर्ती घेऊन मोकळा झाला असता. पण चार्न्लीने त्यांना पुन्हा पुन्हा बोलावून तपासले, आणि दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजून त्याचा चुरा सांध्यात साठतो आहे हे त्यालाच प्रथम दिसले. तो चुरा देहाला कितपत बाधतो हे पाहण्यासाठी त्याने आपल्याच मांडीत ते द्रव्य घालून घेतले, सूज आली ती नोंदवली, नवे पॉलिथिलीन तिथेच घालून तुलना केली, आणि १९६२ च्या नोव्हेंबरात नव्या वाटीचा आरंभ केला. जगातला आजचा खुबा त्या मांडीवरच्या नोंदींतून निघाला आहे. शल्यविद्येच्या साऱ्या चरित्रांत मला हे सर्वांत मोठे वाटते.

खुब्यामागून गुडघ्याची पाळी आली. १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत ज्या तिघांनी आधुनिक गुडघ्याची घडण केली त्यांत इन्सॉल आणि वॉकर यांच्या जोडीला चित्तरंजन राणावत होते, आणि हे राणावत शिकले होते होळकरांच्या इंदुरात. २००० च्या ऑक्टोबरात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलायचा ठरला तेव्हा देशाचा पंतप्रधान न्यूयॉर्कला गेला नाही. न्यूयॉर्कचे राणावत मुंबईला, ब्रीच कँडी इस्पितळात आले. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये उजवाही तिथेच झाला. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून गुडघ्याच्या आकृत्या छापून येत, आणि ज्या घरांत 'गुडघा बदलणे' हे शब्द अपशकुनासारखे वाटत त्या घरांतून तो विषय जेवणाच्या पाटावर आला. पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी, ज्यांचे रुग्णालय १९६५ पासून उभे आहे, 'इंडस' नावाचा देशी गुडघा घडवला. परदेशी गुडघा खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी होता, आणि आपल्याला मांडी घालायची, विळीवर बसायचे, पूजेला बसायचे. ती अडचण मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांना जितकी कळत होती तितकी इतरांना कळण्याचे कारण नव्हते.

किमतीचे पारडेही घरच्याच बाजूला झुकले. २०१७ च्या ऑगस्टात औषध-किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यावर मर्यादा घातली तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या ज्या सांध्याची सरासरी किंमत १,५८,३२४ रुपये होती ती ५४,७२० वर आली. आज परदेशातली आपलीच मंडळी डिसेंबरच्या सुट्टीत दात, डोळे आणि गुडघे यांची यादी करून इकडे येतात. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत उपचार सुरू होण्यासाठी अठरा आठवड्यांची मुदत कागदावर आहे, आणि ती मुदत टळलेले पुष्कळ आहेत.

तेव्हा परदेशात जाऊ नये, इकडचे सर्व सोन्याचे, असे मी म्हणतो आहे असा कोणाचा ग्रह होऊ नये. एक तिकडचेही ऐका. डिप्यू या जॉन्सन अँड जॉन्सनच्या कंपनीने धातूवर धातू घासणारा 'एएसआर' नावाचा खुबा जगभर विकला. त्यातून कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरू लागले, आणि २०१० च्या ऑगस्टात कंपनीला तो परत घ्यावा लागला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो बसवला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत फिर्याद दिली, केंद्राने समिती नेमली, नुकसानभरपाईही ठरली. पण भरपाई द्यायची कोणाला? बहुतेक रुग्णांचा ठावठिकाणाच लागेना. कोणत्या इस्पितळात, कोणाच्या अंगात, कोणत्या क्रमांकाचा सांधा आहे याचे दप्तर नव्हते. ज्या कुळाच्या नावे सात-बारा नाही त्याची जी गत होते ती या माणसांची झाली. उलट स्वीडनने १९७५ पासून देशातल्या बदललेल्या गुडघ्यांची नोंदवही ठेवली आहे. कोणता सांधा किती वर्षांनी निकामी झाला हे तिथे पानावर दिसते. अशाच नोंदींवरून आज सांगता येते की बदललेल्या शंभरांपैकी सुमारे ८२ गुडघे पंचवीस वर्षे टिकतात. आणि हेही सांगता येते की शस्त्रक्रिया निर्वेध पार पडूनही पाचांतला एक जण समाधानी नसतो. हे दुसरे वाक्य माहितीपत्रकांत नसते.

परदेशाकडून आणायचीच असेल तर ही नोंदवही आणावी, असे माझे मत आहे. आपल्याकडे सांधेतज्ज्ञांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती स्वेच्छेची; आणि स्वेच्छेचा महसूल किती वसूल होतो हे मी पस्तीस वर्षे पाहिले आहे.

माझा गुडघा अखेर ठाण्यातच बदलला. ऑपरेशन दीड तासाचे. त्याचे श्रेय शल्यविशारदाचे. परंतु त्यानंतरचे तीन महिने कोणा शल्यविशारदाचे नव्हते. चौथ्या दिवशी घरी आणले तेव्हा चौपन्न पायऱ्या समोर उभ्या. फिजिओच्या मुलाने शिकवले होते, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. तळमजल्यावरचे सिंधी शेजारी खुर्ची घेऊन प्रत्येक वळणावर आधी जाऊन थांबत, मी बसे, दम घेई, मग पुढचे वळण. पाऊण तास लागला. पुढे दीड महिना रोज सकाळी तोच जिना, एक मजला, मग दोन, मग तीन. हाच गुडघा न्यूजर्सीत बदलला असता तर तिथला गालिचा अंथरलेला तीन पायऱ्यांचा ओटा चढायला मी शिकलो असतो, आणि शिवाय शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असल्यामुळे लांबचा विमानप्रवास साधारण तीन महिने टाळावा लागला असता. गुडघा शेवटी ज्या जिन्यावर वापरायचा, त्या जिन्याची ओळख त्याला पहिल्याच आठवड्यात करून द्यावी, हे मी अनुभवाने सांगतो. ज्यांचे घरच तिकडे आहे त्यांनी तिकडेच करावे. त्यांचा जिना तिकडे आहे.

मास्तरांनी ऑपरेशन केले नाही. ते पैशामुळे, की भीतीमुळे, हे मी विचारले नाही, आणि आता विचारता येत नाही.

जाता जाता एक विनंती करतो, आणि ती समोर बसलेल्या प्रत्येक घराला आहे. सांधा बदलल्यावर त्याच्या खोक्यावरचे स्टिकर, ज्यावर कंपनीचे नाव, मापे आणि क्रमांक असतो, ते इस्पितळातून मागून घ्या. पुष्कळदा ते बिलाच्या मागे चिकटवलेले असते आणि बिलाबरोबर विम्याच्या कचेरीत जाते. तेव्हा आधी त्याची एक प्रत काढा. तिच्यावर तारीख, शल्यविशारदाचे नाव आणि कोणता पाय तो लिहा, आणि ती रेशनकार्डाच्या पाकिटात, घरातल्या दोन माणसांना दाखवून, ठेवा. माझी डाव्या पायाची आहे. पाहायची असल्यास सभा संपल्यावर माझ्या खिशात आहे.